कुठल्या टेपवरून? जुन्या रॉक अल्बमांच्या नव्या आवृत्त्या समजून घेताना

बीटल्सचं 'शी इज लीव्हिंग होम' दोनदा ऐका. आधी २००९ च्या स्टीरिओ रीमास्टरमधलं, मग त्याच वर्षी निघालेल्या मोनो संचातलं (मोनोत सगळे आवाज एकाच वाहिनीत, स्टीरिओत डावी-उजवी अशा दोन). शेजारी पेटी असेल तर लगेच कळेल, मोनोतलं गाणं जवळपास एक पट्टी वर आहे आणि थोडं जलदही. यात २००९ साली कुणी काही बिघडवलेलं नाही. १९६७ मध्ये मोनो मिक्स करताना टेप मुद्दाम वाढत्या वेगानं चालवली होती, स्टीरिओ मिक्सच्या वेळी तसं केलं नाही. पुढे २०१७ साली निर्माता जाइल्स मार्टिन आणि इंजिनिअर सॅम ओकेल यांनी हे गाणं ज्यात आहे त्या 'सार्जंट पेपर' अल्बमचा नवा स्टीरिओ मिक्स केला आणि त्यात मोनोचा वेग घेतला. म्हणजे आज हे गाणं तीन अधिकृत रूपांत मिळतं, आणि तिन्हींवर नव्या वर्षाचं लेबल आहे.

वेष्टनावर 'रीमास्टर्ड' किंवा 'नवा मिक्स' लिहिलेलं असतं, पण त्यातून ऐकणाऱ्याला फारसं काही समजत नाही. विचारायचा प्रश्न एकच: हे कुठल्या टेपवरून केलंय? त्याचं उत्तर मिळालं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

तीन टेप, तीन टप्पे

१९६०–७० च्या दशकातला अल्बम किमान तीन प्रकारच्या टेपांतून पुढे सरकत असे. पहिली मल्टिट्रॅक टेप. तिच्यावर ड्रम, बेस, गिटार, गळा असे आवाज समांतर ट्रॅकवर स्वतंत्र ध्वनिमुद्रित होतात. त्या ट्रॅकांची पातळी ठरवून, कुठला आवाज डावीकडे नि कुठला उजवीकडे ते नेमून, घुमारा वगैरे मिसळून दुसरी टेप बनते. ती मिक्सची मूळ मास्टर टेप, स्टीरिओ असेल तर दोन ट्रॅकची. तिच्यावरून एलपी कापण्यासाठी, म्हणजे तबकडीवर खाचा कोरण्यासाठी, तिसरी टेप काढली जाई. तबकडीवरून सूई उडू नये म्हणून तिच्यात बेस आवळलेला आणि 'स' 'श' चे बोचरे उच्चार दाबलेले असत. परदेशी कारखान्यांना बहुतेक वेळा हिचीच प्रत जाई.

आमटी एकदा उकळली की तिच्यातली चिंच वेगळी काढता येत नाही. मीठ वाढवता येतं, पाणी घालता येतं, वरून तूप सोडता येतं. रीमास्टर म्हणजे हेच, दुसऱ्या टेपवर केलेलं काम. गळा मागे पडलाय म्हणून रीमास्टर करणारा इंजिनिअर एकटा गळा पुढे आणू शकत नाही. त्या पट्ट्यातले सूर वाढवले तर गिटारही पुढे येणारच. रीमिक्स करणारा मात्र पहिल्या टेपवर, म्हणजे डाळ, फोडणी, चिंच-गूळ वेगवेगळे असताना परत जातो आणि आमटी नव्यानं करतो.

तिसऱ्या टेपमुळे बरीच वर्षं गोंधळ झाला. १९८० च्या दशकात सीडी आल्यावर कंपन्यांनी घाईघाईनं आपले जुने अल्बम सीडीवर उतरवले. अनेकदा हाताशी आलेली टेप ही एलपीसाठी केलेली प्रत, किंवा तिचीही प्रत असायची. एकाच पातळीची सळसळ (टेपचा स्वतःचा 'श्श्' आवाज) असलेल्या दोन टेपा एकीवरून दुसरीवर उतरवल्या की सळसळ सुमारे ३ डेसिबलनं वाढते. शिवाय एलपीसाठी छाटलेला बेस तसाच सीडीवर येतो. सुरुवातीच्या काही सीडी कोरड्या, पातळ वाटतात त्यामागे डिजिटल तंत्रापेक्षा चुकीच्या टेपचा हात बऱ्याचदा मोठा असतो. उलटही घडलं आहे. त्या काळात ज्या अल्बमसाठी योग्य टेप हाती लागली आणि कुणी तिला फारसा हात लावला नाही, त्याची १९८० च्या दशकातली साधी सीडी आजही उत्तम वाजते. नवं म्हणजे चांगलं, हे गृहीत धरू नका.

चार ट्रॅकचं कोडं

'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' १९६७ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत चार ट्रॅकच्या स्टुडर यंत्रावर झाला. टेप एक इंच रुंद. चार ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे, म्हणजे नव्या आवाजांना जागा मोकळी होते. याला तिथं रिडक्शन म्हणत. दरवेळी दोन गोष्टी व्हायच्या: सळसळ वाढायची, आणि आधीच्या चार आवाजांचं आपापसातलं प्रमाण कायमचं गोठायचं. ड्रम आणि बेस सहसा आधी वाजवलेले, म्हणून अंतिम टेपमध्ये ते दोन-तीन पिढ्या मागचे, बुजलेले.

'अ डे इन द लाइफ'साठी १० फेब्रुवारी १९६७ ला ४० वादकांचा ऑर्केस्ट्रा बसवला, तेव्हा चार ट्रॅकही पुरले नाहीत. मग पहिल्या यंत्रावर ५० हर्ट्झचा एक सूर ध्वनिमुद्रित करून त्याच्या जोरावर दुसरं यंत्र त्याच्या बरोबरीनं चालवण्याची युक्ती स्टुडिओचे तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी काढली.

सुदैवानं रिडक्शनच्या आधीच्या टेपा पुसल्या गेल्या नाहीत. २०१७ च्या रीमिक्सचं बळ इथंच आहे. प्रत्येक पिढीची टेप संगणकावर घेतली, एकाखाली एक जुळवली, आणि जो आवाज ज्या टेपवर पहिल्यांदा मुद्रित झाला तिथूनच उचलला. जुळवणी म्हणायला सोपी. दोन टेपा कधीच तंतोतंत एका वेगानं चालत नाहीत, त्यामुळे काही सेकंदांत त्या एकमेकींपासून सरकतात आणि पुन्हा पुन्हा ताणून बसवाव्या लागतात. सरक थोडी जरी राहिली तरी एकाच आवाजाच्या दोन प्रती एकमेकींना खातात आणि गाणं नळीतून आल्यासारखं ऐकू येतं. ती सगळी मेहनत ऐकताना ड्रममध्ये सापडते. १९६७ च्या स्टीरिओत ते एका बाजूला लोटलेले नि चपटे आहेत, इथं मध्यभागी आहेत आणि त्यांना वजन आहे.

मग मूळ मोनो मिक्सचं काय? बीटल्स त्या काळात मोनोच्या मिक्सिंगला हजर असत, त्याला भरपूर वेळ दिला जाई. स्टीरिओ नंतर, त्यांच्या गैरहजेरीत उरकला जाई. म्हणून २०१७ च्या मिक्सनं मोनो हा नमुना मानला. पण मोनो स्वतंत्रपणे ऐकायलाच हवा. 'लुसी इन द स्काय'मधला गळ्यावरचा फिरता, तरंगता परिणाम तिथं जास्त दाट आहे, आणि शीर्षकगीत शेवटी पुन्हा येतं तिथं पॉल मॅकार्टनीचं ओरडणं जास्त स्पष्ट ऐकू येतं. हे परिणाम मल्टिट्रॅकवर नसतात, मिक्स करताना जागच्या जागी घातलेले असतात. रीमिक्स करणाऱ्याला ते जुन्या मिक्सवर कान ठेवून नव्यानं उभे करावे लागतात. घुमारा, आवाज हळूहळू विरत जाणं, टेपचा बदलता वेग, दोन तुकडे कापून जोडलेली जागा, हे सगळं या यादीत येतं. एखादं सुटलं की जुना श्रोता अडखळतो.

ट्रॅक मुळातच कमी असतील तर रीमिक्सला मर्यादा पडते. याचं एक उदाहरण मुंबईचं. जॉर्ज हॅरिसननं जानेवारी १९६८ मध्ये फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून 'वंडरवॉल म्युझिक'चा काही भाग आणि 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत वाजवून घेतलं. तिथं तेव्हा मोनो यंत्रच होतं. त्यासाठी एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेनं दोन ट्रॅकचं यंत्र आणवलं, असं हॅरिसननं सांगून ठेवलं आहे. बासरी, पेटी आणि जमलेली सगळी वाद्यं मिळून ट्रॅक दोनच. गळा नंतर लंडनला चढवला. गळा नि वाद्यमेळ यांचं प्रमाण बदलता येईल, पण पेटी थोडी मागे आणि बासरी पुढे, हे पारंपरिक रीमिक्सच्या हाताबाहेरचं.

अलीकडे ही भिंत काही प्रमाणात पडली. 'गेट बॅक' या २०२१ च्या माहितीपटासाठी पीटर जॅक्सनच्या चमूनं मॅल नावाची प्रणाली बनवली. गिटार कशी वाजते, ड्रम कसे वाजतात हे संगणकाला भरपूर नमुन्यांवरून शिकवायचं आणि मग एकाच ट्रॅकवर मिसळलेले आवाज त्याच्याकडून सोडवून घ्यायचे. २०२२ चा 'रिव्हॉल्व्हर'चा नवा मिक्स याच वाटेनं झाला. 'टॅक्समन'मध्ये ड्रम, बेस आणि गिटार एकाच ट्रॅकवर होते, ते वेगळे करून स्टीरिओत पसरता आले. २०२३ मधलं 'नाउ अँड देन' याच तंत्रानं कॅसेटवरच्या लेननच्या गळ्यातून पियानो बाजूला काढून उभं राहिलं.

या पद्धतीची खोट झांजांवर आणि शब्दांच्या शेवटांवर दिसते. सुटा काढलेला आवाज एकटा ऐकला तर पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो, त्याच्यामागे दुसऱ्या वाद्याची सावली उरते. सगळे तुकडे पुन्हा मूळ प्रमाणाजवळ एकत्र केले की सावल्या झाकल्या जातात. एखादा तुकडा फार पुढे ओढला की उघड्या पडतात. म्हणून असा मिक्स हेडफोनवर ऐकताना झांजांकडे लक्ष ठेवा.

टेप वाजवण्याआधी

रीमास्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बटणं फिरवणारा इंजिनिअर येतो. खरं तर अर्धा निकाल टेप संगणकावर घेतानाच लागलेला असतो, आणि या कामाची जाहिरात कुणी करत नाही.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची काही वर्षं बनलेल्या अनेक टेपांचा, विशेषतः अँपेक्स ४०६ आणि ४५६ यांचा, चिकटा हवेतला ओलावा शोषून विरघळतो. लोहाचे कण टेपला धरून ठेवणारा थर चिकट होतो. अशी टेप यंत्रावर चढवली की ती किंचाळते, टेपवरचा आवाज वाचणाऱ्या शीर्षावर (हेडवर) तपकिरी लगदा साठतो, आणि त्याबरोबर संगीतही सोलून निघतं. उपाय म्हणजे टेप भाजणं. सुमारे ५४ अंश सेल्सिअसला, एकसारख्या तापमानात, आठ तास किंवा अधिक. दोन इंची टेपला जास्त वेळ लागतो. मग तितकाच वेळ थंड होऊ द्यायची आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरवून घ्यायची, कारण ओलावा परत येतो. घरातला ओव्हन यासाठी चालत नाही, त्याचं तापमान दहा-वीस अंशांनी वरखाली होतं. आणि जुन्या ॲसिटेट टेपा कधीच भाजायच्या नाहीत. उजेडासमोर रीळ धरलं की ॲसिटेट टेप अर्धपारदर्शक दिसते, बिघडत असेल तर व्हिनेगरचा वास येतो. ती उष्णतेनं आकसते.

नंतर जोड तपासायचे. मिक्स मास्टरमध्ये गाण्यागाण्यांत, कधी एकाच गाण्यात कापून चिकटवलेले जोड असतात. चाळीस-पन्नास वर्षांत गोंद सुकतो, टेप वाजताना सुटते. प्रत्येक जोड उघडून, जुना गोंद पुसून नव्यानं चिकटवावा लागतो.

त्यानंतर शीर्षाचा कोन. मूळ यंत्राचं शीर्ष टेपशी ज्या कोनात होतं, त्याच कोनात आजचं शीर्ष बसवावं लागतं. कोन चुकला तर आधी वरचे सूर मरतात. मोनो टेप स्टीरिओ शीर्षावर वाजवून दोन बाजू एकत्र केल्या तर हे नुकसान दुप्पट जाणवतं. काळजीपूर्वक केलेल्या टेपच्या सुरुवातीला १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि खालच्या पट्टीतला एक असे कसोटीचे सूर असतात, त्यांवरून कोन आणि पातळी लावता येते. सूर नसतील तर मीटर पाहून आणि कानानं.

डॉल्बी ए पद्धतीनं (सळसळ झाकण्यासाठी मुद्रणाच्या वेळी हळू सूर वाढवून ठेवणारी पद्धत) मुद्रित टेप असेल तर तीच पद्धत उलटी लावून, अचूक पातळीला वाजवावी लागते. पातळी चुकली की झांजा वाजताना वरचे सूर धापा टाकल्यासारखे वरखाली होतात. आणि डॉल्बी न लावताच उतरवली, तर आवाज चकचकीत, ताजा वाटतो. काही श्रोते त्यालाच रीमास्टरचा चमत्कार समजतात.

२००९ च्या बीटल्स रीमास्टरांत हे काम कसं व्हावं याचा धडा आहे. चमूनं चार वर्षं दिली. टेपा २४ बिट, १९२ किलोहर्ट्झला (डिजिटल नोंद किती बारकाईची ते सांगणारे आकडे) उतरवल्या, प्रत्येक गाण्यानंतर शीर्षं साफ केली. सळसळ घालवणारं तंत्र एकूण ५२५ मिनिटांपैकी पाचांहून कमी मिनिटांवर वापरलं. हा संयम महत्त्वाचा आहे. टेपची सळसळ आणि झांजांचं विरणं, खोलीची हवा, ओठांचा श्वास हे सगळं सुरांच्या एकाच पट्ट्यात राहतं. सळसळ पुसायला गेलं की तेही पुसलं जातं, आणि गाणं कापसात गुंडाळल्यासारखं होतं.

टेप ओढली जाताना वेगात पडणारे बारीक झोल काढायचीही सोय आता आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्र कानाला न ऐकू येणारा एक उच्च वारंवारतेचा संकेत टेपवर टाकतं. प्लँजंट नावाची पद्धत तो संकेत शोधून त्याच्या हेलकाव्यांवरून मूळ वेग परत बसवते. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या पहिल्या सात अल्बमांच्या २०१४ मधल्या संचात मास्टरिंग इंजिनिअर बॉब लुडविग यांनी तिचा उपयोग केला.

आवाज मोठा करण्याचा रोग

सीडीवर आवाजाला छत असतं. त्याच्या वर एकही नमुना (सेकंदाला हजारो वेळा घेतलेली आवाजाची एकेक मोजणी) जाऊ शकत नाही. स्नेअर ड्रमचा फटका क्षणभर त्या छताला टेकतो, बाकीचं संगीत बरंच खाली असतं. १९९० च्या दशकात पुढचा आवाज आधीच पाहून फटका दाबणारे डिजिटल लिमिटर आले. फटके ६ डेसिबलनं दाबले की सगळं गाणं ६ डेसिबलनं वर उचलता येतं. दुकानात शेजारच्या सीडीपेक्षा ही मोठी वाजते आणि कान पहिल्या दहा सेकंदांत मोठ्यालाच चांगलं म्हणतो. अर्ध्या तासानं तोच कान थकतो, कारण हळू आणि जोरदार यांत फरकच उरलेला नसतो.

१९९७ साली इगी पॉपनं आपल्या स्टूजेस बँडच्या 'रॉ पॉवर'चा नवा मिक्स केला, तो या रोगाचं टोक म्हणून ओळखला जातो. आवाज छताला आपटून सतत फाटतो. तो कलाकाराचा स्वतःचा निर्णय होता, हे खरं. पण १९७३ चा डेव्हिड बोवीचा मिक्स ज्यांना हवा होता त्यांना तो नव्या सीडीवर मिळेना, ही खरी अडचण. २०१० च्या आवृत्तीत बोवीचा मिक्स परत आला.

उलट, २००९ च्या बीटल्स स्टीरिओ सीडींना हलकं लिमिटिंग आहे, मोनो संचाला अजिबात नाही. दोन्ही लागोपाठ ऐकले तर मोनो थोडा कमी आवाजात वाजतो. आवाजाचं बटण थोडं फिरवा, तक्रार संपते.

स्ट्रीमिंगमुळे मोठ्या आवाजाचा फायदाच गेला आहे. स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४ एलयूएफएस, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी पातळीचं माप. उणे ८ वर दाबून बसवलेलं गाणं तिथं ६ डेसिबलनं खाली आणलं जातं. दाबलेले फटके मात्र दाबलेलेच राहतात. त्यामुळे जुना, मोकळा मास्टर त्याच पातळीला शेजारी वाजला की जास्त जिवंत वाटतो.

बिट आणि किलोहर्ट्झच्या आकड्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. १६ बिटच्या सीडीत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. त्या काळच्या टेपचा, सळसळीपासून फाटेपर्यंतचा पल्ला साधारण ६० ते ७० डेसिबल. २४ बिट काम करताना उपयोगी पडतात, कारण वाटेत बरेच हिशोब होतात. पण तुमच्या हाती येणाऱ्या फाइलवर १९२ चा आकडा आहे म्हणून जास्त पैसे मोजायचं कारण नाही. चांगल्या टेपवरून, न दाबता केलेली साधी सीडी वाईट मास्टरच्या महागड्या फाइलला सहज मागे टाकते.

रीमिक्समध्ये हात घसरतो तेव्हा

झेडझेड टॉपचे सुरुवातीचे अल्बम १९८७ मध्ये सीडीवर आले तेव्हा ते गुपचूप रीमिक्स झाले होते. १९७३ च्या 'ट्रेस ओम्ब्रेस'च्या कोरड्या, लाकडी ड्रमवर त्या दशकातला फुगीर घुमारा चढवला. मूळ मिक्स सीडीवर यायला २००६ उजाडलं. मधल्या काळात ज्यांनी हे अल्बम पहिल्यांदा ऐकले, त्यांच्या दृष्टीनं तोच झेडझेड टॉप.

याहून वाईट २००२ मध्ये झालं. ऑझी ऑझबोर्नच्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन' यांच्या नव्या आवृत्तीत बॉब डेझली आणि ली कर्स्लेक यांचे बेस आणि ड्रम काढून दुसऱ्या वादकांकडून नव्यानं वाजवून घेतले. त्या दोघांशी मानधनावरून कोर्टकज्जे सुरू होते. २०११ मध्ये मूळ वादन परत आलं. वादन बदललेल्या गोष्टीला ना रीमास्टर म्हणावं ना रीमिक्स. ते वेगळंच ध्वनिमुद्रण आहे, आणि ते वेष्टनावर ठळक छापलं पाहिजे. पिंक फ्लॉइडच्या 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन'च्या २०१९ च्या रूपातही बँडचा ड्रमवादक निक मेसननं ड्रम नव्यानं वाजवले, पण ते उघडपणे सांगितलं गेलं.

चांगल्या कामाचा मापदंड बऱ्याच वर्षांपासून ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन आहे. २००९ पासून किंग क्रिम्सन, नंतर जेथ्रो टल, येस, जेंटल जायंट अशा बँडचे अल्बम त्यानं रीमिक्स केले. तो मूळ मिक्स शेजारी ठेवून प्रत्येक आवाजाची जागा, पातळी आणि जोड तसेच उभे करतो. फरक पडतो तो स्पष्टतेत. येसच्या 'क्लोज टू द एज'च्या २०१३ च्या संचात नव्या मिक्सबरोबर जुना मिक्स, कसलीही दुरुस्ती न करता टेपवरून जसाच्या तसा उतरवून दिला आहे. खरं तर प्रत्येक रीमिक्सबरोबर हे द्यायलाच हवं.

पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीनचा पहिला अल्बम २०२४ मध्ये रीमिक्स झाला. १९७२ साली लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओच्या छोट्या, कोरड्या कोठडीत वाजवलेल्या ड्रमचा आवाज बँडला कधीच आवडला नव्हता, तो आता बदलला. इथं हेतू मुळाशी प्रामाणिक राहण्याचा नाहीच, राहून गेलेलं पुरं करण्याचा आहे. तो सांगून केला, म्हणून ऐकणाऱ्याला निवड करता येते.

एलपी घेताना

एलपीच्या नव्या छपाईत 'एएए' म्हणजे ध्वनिमुद्रण, मास्टरिंग आणि कापणी, तिन्ही टप्पे ॲनालॉग. बीटल्सच्या २०१२ च्या स्टीरिओ एलपी डिजिटल फाइलवरून कापल्या होत्या, २०१४ च्या मोनो एलपी थेट टेपांवरून. वेष्टनावरचा '१८० ग्रॅम' हा फक्त तबकडीच्या वजनाचा आकडा आहे. जाड तबकडी हातात छान वाटते. कापणी वाईट असेल तर तीही वाईटच वाजते. अर्ध्या वेगाच्या कापणीत स्रोत आणि कापणारं यंत्र दोन्ही निम्म्या गतीनं चालवतात. त्यामुळे वरचे सूर कोरायला यंत्राला दुप्पट वेळ मिळतो. स्रोत बहुतेक वेळा डिजिटल असतो, आणि त्यात बिघडलेलं काही नाही.

बिघडतं ते लपवल्यावर. २०२२ मध्ये उघड झालं की मोबाइल फिडेलिटी या महागड्या छपायांसाठी नावाजलेल्या कंपनीच्या अनेक तबकड्या २०११ पासून टेपवरून थेट न कापता मध्ये डीएसडी डिजिटल टप्पा घेऊन होत होत्या. त्या ऐकून 'ॲनालॉगची जादू' वाखाणणाऱ्या अनेकांना फरक कळला नव्हता.

तबकडीची खरी ओळख लेबलालगतच्या कोऱ्या भागात कोरलेली असते. लेड झेपेलिनच्या दुसऱ्या अल्बमच्या १९६९ च्या काही अमेरिकन प्रतींवर तिथं बॉब लुडविगची 'आरएल' ही अक्षरं सापडतात. ती कापणी इतकी जोरदार होती की स्वस्त रेकॉर्ड प्लेअरवर सूई उडे, म्हणून कंपनीनं ती मागे घेऊन सौम्य कापणी काढली. पार्लोफोन या ब्रिटिश लेबलच्या बीटल्स एलपींवर 'एक्सईएक्स' अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मोनोचा, 'वायईएक्स' स्टीरिओचा. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या एचएमव्ही कारखान्यात छापलेली बीटल्सची एलपी दिसली तर वेष्टनावर भरवसा न ठेवता तबकडी उजेडाकडे तिरपी धरून हा क्रमांक वाचा.

घरी पारख कशी करायची

दोन आवृत्त्या शेजारी लावून 'ही चांगली' म्हणण्याआधी पातळी सारखी करा. एका डेसिबलचा फरक कान 'मोठा' म्हणून ओळखत नाही, 'चांगला' म्हणून ओळखतो. दोन्ही गाणी सीडीवरून फ्लॅक स्वरूपात (आवाजातलं काही न गमावणारी फाइल) काढा, ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडा. आधी लाटांचा आकार बघा. फटक्यांची टोकं वेगवेगळ्या उंचीवर असतील तर मास्टर मोकळा आहे. वरून विळीनं कापल्यासारखी सपाट पट्टी दिसली तर दाबलेला. मग ऑडॅसिटीमधल्या लाउडनेस नॉर्मलायझेशननं दोन्ही उणे २० एलयूएफएसला आणा. इतकं खाली यासाठी, की मोकळ्या मास्टरचे फटके छताला लागू नयेत. ही प्रत फक्त तुलनेसाठी ठेवा. फूबार २००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये एबीएक्सची जोड आहे. ती न सांगता आवृत्त्या अदलून-बदलून वाजवते. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलंत तर फरक तुम्हाला खरंच ऐकू येतो असं मानायला हरकत नाही.

डायनॅमिक रेंजचे, म्हणजे हळू आणि जोरदार यांतल्या अंतराचे, डीआर आकडे इंटरनेटवर मिळतात. सीडीची सीडीशी तुलना करायला ते बरे. एलपीवरून काढलेल्या फाइलचा आकडा त्यांत मिसळू नका. कापणी आणि सूई यांच्या फेरफारानं फटक्यांची टोकं वर सरकतात, म्हणून तोच दाबलेला मास्टर एलपीवर दोन-तीन अंकांनी चांगला दिसतो.

विकत घेण्याआधी आतल्या पुस्तिकेतली श्रेयनामं वाचा. मास्टरिंग कुणी केलं, कुठल्या स्टुडिओत, कुठल्या वर्षी, मूळ टेपवरून का प्रतीवरून. जिथं चांगलं काम झालेलं असतं तिथं हे छापलेलं असतं. संचांत न ऐकलेले तुकडे का भरलेले असतात, याचं एक कारण युरोपच्या कायद्यात आहे. तिथं प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाचा हक्क ५० वरून ७० वर्षांवर नेला, पण ५० वर्षांत प्रसिद्धच न केलेल्याला तो वाढीव काळ मिळत नाही. म्हणूनच डिसेंबर २०१३ मध्ये बीटल्सची १९६३ मधली ५९ अप्रकाशित ध्वनिमुद्रणं अचानक आयट्यून्सवर आली.

स्ट्रीमिंगवर जुना मास्टर काढून त्याच पानावर नवा बसवला जातो, तुमच्या यादीतलं नाव तेच राहतं. म्हणून आवडीच्या अल्बमची जुनी सीडी जवळ असेल तर ती फ्लॅकमध्ये उतरवून ठेवा, आणि फोल्डरच्या नावात अल्बमच्या वर्षाशेजारी सीडीचा कॅटलॉग क्रमांक लिहा. १९८३ ची जपानी 'ॲबी रोड' सीडी किंवा त्या काळातली दुसरी एखादी जपानी सीडी असेल तर उतरवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्री-एम्फसिसची खूण तपासून घ्या. अशा सीडींवर वरचे सूर मुद्दाम वाढवून ठेवलेले असतात, सीडी प्लेअर ते वाजवताना परत खाली आणतो. संगणकावर काढलेल्या फाइलला ते करायला विसरलात तर झांजा कानाला टोचतील, आणि दोष मात्र त्या बिचाऱ्या मास्टरला लागेल.